बाजूनंही एक काढा

पहाटे पाचला कळमन्याहून प्रफुल उईकेचा फोटो:
मृगाच्या बहाराची शेवटची संत्री, त्यावर चिमटीत धरलेली एक माशी.
"म्याडम, हे कोन्या जातीची होय जी?
लवकर सांगजा, गाडी लागली हाय."
मी चष्मा शोधते. कूलर बंद करते,
त्याच्या आवाजात मला नीट दिसत नाही.

छातीच्या कडांना पिवळ्या पट्ट्या.
फळमाशी. इथवर सोपं.
आता पंखाच्या कडेनं सलग काळी रेघ आहे
की टोकाशी नुसता एक ठिपका?
रेघ असली तर ही, ठिपका असला तर हिची चुलत बहीण.
टोकावर नेमका प्रफुलचा अंगठा.
लिहिते: अंगठा काढा. बाजूनंही एक काढा.

एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
टाचणी टोचायची, चिठ्ठी लावायची.
चिठ्ठीवर गाव, तारीख, पकडणाऱ्याचं नाव.
माशीचं नाव सर लिहायचे.
सर चुकले की मी संध्याकाळी चिठ्ठी बदलायची,
त्यांच्याच अक्षरात.

काल धंतोलीतल्या एका शाळकरी मुलीनं
गांधीलमाशी म्हणून पाठवली.
पिवळे-काळे पट्टे, बारीक कंबर, सगळं सोंग बरोबर.
पण पंख मोज, म्हटलं.
दोनच.
मागच्या जोडीच्या जागी दोन घुंड्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या,
उडताना तोल सांभाळायला.
हिला नांगी नाही गं, नुसता नांगीवालीचा सदरा घातलाय.
तिनं विचारलं, "मग खोटारडी आहे का ती?"
मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मागच्या मेमध्ये प्रतापनगरला खोली पाहायला गेले.
घरमालकीणबाईंनी पन्हं दिलं, वेलची घातलेलं.
नाव?
शालिनी.
पूर्ण नाव?
मग गाव कोणतं, मग घरात देव कुठले,
मग, सहज विचारते हं, जेवणात काय काय चालतं?
मी ओळखलं. बाई माझ्या पाठीवरचे पट्टे मोजत होत्या.
चार असले तर घरमाशी,
तीन असले तर मांसावर बसणारी.
आणि गजघाटे ही पंखातली ती शीर,
कोपऱ्यात वळते की सरळ जाते
यावर पुढचं सगळं.
खोली कालच दुसऱ्यांना दिलीय, हे त्यांना
पन्हं संपता संपता आठवलं.

राग आला नाही.
खोटं. आला. अंबाझरीपर्यंत पायी गेले त्या उन्हात.
पण वाटेत राग पद्धतीवरच जास्त होता:
एका खुणेवर कोणी जात लिहितं का?
डोळे पाहिले नाहीत, मिशांवरचे केस पाहिले नाहीत,
मागचा पाय तर कोणीच पाहत नाही.
आमच्या सरांनीसुद्धा
भिंगाखाली धरल्याशिवाय कधी चूक केली नाही.

सव्वापाच. प्रफुलचा दुसरा फोटो.
संत्रं आहे. सालीवर सुईनं केल्यासारखं एक भोक.
"सुटली जी. बाजूनं काडाले गेलो त सुटली."

लिहिते: फळमाशी.
याच्या पुढचं फोटोवरून सांगता येत नाही.

"मंग कागदावर का लिवू?"

गाव लिही. कळमना.
तारीख आजची.
पकडणारा, प्रफुल उईके.

"पकडली कुठी म्याडम, सुटली ना."

तेही लिही.

कूलर पुन्हा लावते.
मोरीच्या भिंतीवर, ओल्या डागाशेजारी,
तांदळाएवढी एक बसली आहे,
केसाळ, राखाडी, पंख छपरासारखे उतरते.
हिला मी पाहताक्षणी ओळखते.
तरी उठते,
चष्मा नाकावर ढकलते,
आणि बाजूनं पाहते.